हायस्कूल बेसबॉल: अंपायरचा निर्णय चुकला, आता काय करायचं?

अमेरिकेत वाढलेली आपली मुलं नववी-दहावीत शाळेच्या बेसबॉल संघात जातात आणि आई-बाबा क्रिकेटची नजर घेऊन स्टँडमध्ये बसतात. पहिला वादाचा निर्णय आला की हमखास प्रश्न येतो, "रिव्ह्यू नाही का मागता येत?" नाही येत. १९९२ साली डर्बनमध्ये सचिन थर्ड अंपायरकडून धावबाद ठरला, तेव्हापासून आपल्याला टीव्हीकडे बघायची सवय लागली. शाळेच्या मैदानावर बहुतेक वेळा दोनच अंपायर असतात. एक प्लेटमागे (बॅटर जिथे उभा राहतो तिथे), एक आत, बेसजवळ. नेहमीच्या सामन्यात व्हिडिओ बघून निर्णय देण्याची त्यांना मुभा नसते. फोनवर काढलेली क्लिप कितीही स्पष्ट असली तरी ती खिशातच ठेवा.

म्हणून काहीच करता येत नाही, असं मात्र नाही. काही चुका दुरुस्त होतात, पण योग्य माणसाने, योग्य शब्दांत, पुढचा पिच (म्हणजे पिचरने बॅटरला टाकलेला चेंडू) पडायच्या आत विचारलं तरच. नवे सहायक कोच, स्कोअरबुक सांभाळणारे पालक आणि खुद्द खेळाडू यांच्यासाठी ही माहिती आहे. बहुतेक राज्यांत शाळेचे सामने नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स, म्हणजे एन.एफ.एच.एस.च्या नियमांनी खेळले जातात आणि पुढचं सगळं त्याच नियमांना धरून आहे. त्यावर प्रत्येक राज्याच्या संघटनेची स्वतःची भर असते (कॅलिफोर्नियात सी.आय.एफ., न्यू जर्सीत एन.जे.एस.आय.ए.ए.), ती वेगळी वाचावी लागते.

१. आधी ठरवा: नजरेची चूक की नियमाची?

सगळं यावर अवलंबून आहे. इथे गल्लत झाली की पुढचं सगळं फुकट जातं.

नजरेची चूक म्हणजे अंपायरने जे पाहिलं तेच चुकीचं पाहिलं. पिच स्ट्राइक होता की बॉल (बॅटरने न मारलेला चेंडू ठरलेल्या चौकटीतून, म्हणजे स्ट्राइक झोनमधून गेला तर स्ट्राइक, नाहीतर बॉल), चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, बेसकडे धावणारा रनर आधी पोहोचला की चेंडू. नियम १०-१-४ सांगतो की असे निर्णय अंतिम असतात. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटमध्ये पिचर अर्मांडो गॅलरागाने सलग २६ बॅटर बाद केले. सत्ताविसावा पहिल्या बेसवर स्पष्ट आउट असताना अंपायर जिम जॉयस यांनी सेफ दिला. सामन्यानंतर व्हिडिओ बघून जॉयस यांनी चूक उघडपणे मान्य केली, तरी परफेक्ट गेम (एकालाही बेसवर पोहोचू न देता संपवलेला सामना) काही परत मिळाला नाही. व्यावसायिक बेसबॉलमध्ये २०१४ पासून अशा निर्णयांना व्हिडिओचा आधार आहे. शाळेत मात्र आजही २०१० चीच परिस्थिती आहे असं समजा.

नियमाची चूक म्हणजे अंपायरने बरोबर पाहिलं, पण त्याला नियम चुकीचा लावला. नेहमी दिसणारी काही उदाहरणं:

– इन्फिल्डरने (बेसजवळच्या फिल्डरने) पहिलाच थ्रो मैदानाबाहेर घालवला आणि अंपायरने रनरला एकच बेस दिला. नियमाने दोन बेस मिळतात, तेही पिचच्या वेळी रनर जिथे होता तिथून.
– फक्त पहिल्या बेसवर रनर असताना "इन्फिल्ड फ्लाय" (सोपा उंच चेंडू उडाला की कॅच होण्याआधीच बॅटर आउट) पुकारला. त्यासाठी पहिला आणि दुसरा दोन्ही बेस भरलेले हवेत (तिन्ही भरलेले असले तरी चालतं) आणि दोनपेक्षा कमी आउट हवेत.
– एक आउट, पहिल्या बेसवर रनर, तिसरा स्ट्राइक कॅचरच्या (प्लेटमागे चेंडू पकडणाऱ्याच्या) हातून सुटला आणि बॅटर पळून "सेफ" ठरला. पहिला बेस भरलेला असून दोन आउट झालेले नसतील, तर बॅटर तिथेच आउट असतो.
– तिसरा आउट फोर्सने झाला (मागून येणाऱ्यामुळे पुढच्या बेसवर जाणं भाग पडलेला रनर तिथे आउट झाला), तरी त्या खेळीतला रन धरला.

कधी एकाच खेळीत दोन्ही गोष्टी असतात. शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरने) हातात चेंडू नसताना रनरची वाट अडवली. अडवली की नाही, हे अंपायरच्या नजरेवर. पण अंपायरने एकदा ऑब्स्ट्रक्शन (अडवणूक) पुकारलं आणि रनरला एकही बेस दिला नाही, तर ती नियमाची चूक, कारण एन.एफ.एच.एस.मध्ये किमान एक बेस द्यावाच लागतो. कोचने नेमक्या या दुसऱ्या अर्ध्यावर बोट ठेवायचं. "त्याने अडवलंच नव्हतं" किंवा "अडवलं होतं" यावर वाद घालत बसू नये.

२. मुदत: पुढचा पिच

नियमाबद्दलची शंका पुढचा पिच पडण्याआधी काढायची. नंतर बरोबर असलात तरी उपयोग नाही. रनरने बेस चुकवला किंवा कॅच होण्याआधी बेस सोडला, तर त्याचं अपीलही पुढच्या पिचच्या आतच करायचं. हाफ-इनिंग संपवणारी खेळी असेल तर पिचर आणि सगळे इन्फिल्डर फेअर मैदानातून (फाउल रेषांच्या आतल्या भागातून) बाहेर पडायच्या आत, आणि सामना संपवणारी खेळी असेल तर अंपायर मैदान सोडायच्या आत.

सर्रास होणारा घोळ असा: डगआउटमध्ये (संघाच्या बसायच्या जागेत) तीन जण "असं कसं?" म्हणून एकमेकांकडे बघत असतात आणि तेवढ्यात पिचर चेंडू टाकून मोकळा होतो. शंका आली की आधी "टाइम" मागा, चर्चा नंतर करा. खेळ चालू असताना मात्र टाइम मागत धावू नका. रनर थांबले आणि चेंडू पिचरकडे आला की मागा.

३. हाताशी काय हवं

– चालू वर्षाचं एन.एफ.एच.एस. रूलबुक आणि त्याच्या जोडीचं केसबुक. दरवर्षी बदल होतात, गेल्या वर्षीचं चालत नाही. केसबुकमध्ये प्रसंग आणि त्यांचे निकाल दिलेले असतात. शिकायला तेच जास्त उपयोगी.
– राज्य संघटनेची बेसबॉल पुस्तिका. प्रोटेस्ट (निर्णयाविरुद्धची औपचारिक तक्रार), हकालपट्टीनंतरची बंदी, कर्टसी रनर (पिचर किंवा कॅचरच्या बदल्यात धावणारा), दहा रनांच्या आघाडीवर सामना थांबवणं हे सगळं तिथे सापडतं.
– कागदी स्कोअरबुक आणि दोन पेन्सिली. गेमचेंजरसारखं ॲप असलं तरी कागद ठेवाच, कारण ॲपमध्ये एक चुकीचं बटण दाबलं की बॅटिंग ऑर्डर सरकते. यजमान संघाचं स्कोअरबुक अधिकृत मानतात, अंपायरने दुसरं काही ठरवलं नसेल तर.
– लाइनअप कार्डची प्रत.
– नव्या कोचसाठी एक चिठ्ठी, पाच-सहा महत्त्वाच्या नियमांचे क्रमांक लिहिलेली. मैदानात पुस्तक उघडून अंपायरच्या तोंडासमोर धरणं हा सामन्यातून बाहेर जाण्याचा जवळचा रस्ता आहे. ते डगआउटमध्येच राहू द्या.

स्कोअर लिहिणाऱ्याने वादाच्या क्षणी इतकं टिपावं: इनिंग, आउट, काउंट (बॅटरचे बॉल आणि स्ट्राइक किती), कोण कुठल्या बेसवर, कुणी काय पुकारलं, आणि अंपायर कुठे उभा होता. शेवटची नोंद बहुतेक जण विसरतात आणि पुढे तीच सगळ्यात कामाची ठरते.

काउंटची चूक या वहीमुळेच पकडली जाते. अंपायरच्या हातातलं क्लिकर एक घर चुकतं आणि चारऐवजी तीन बॉलवरच बॅटर पहिल्या बेसकडे चालू लागतो. अशा वेळी स्कोअररने थेट ओरडायचं नाही, कोचला सांगायचं. दोन्ही वह्या जुळल्या आणि पुढचा पिच पडलेला नसला, तर कुणाचीही हरकत नसते.

४. बोलायचं कुणी

हेड कोचने. नियमात कर्णधाराचाही उल्लेख आहे, पण प्रत्यक्षात हे काम हेड कोचचंच. नव्या सहायक कोचला सगळ्यात महागात पडणारी गोष्ट हीच आहे: नजरेच्या निर्णयावर वाद घालण्यासाठी सहायकाने डगआउट किंवा कोचिंग बॉक्स सोडला, तर दंड त्याला होतोच, शिवाय हेड कोचलाही होऊ शकतो. पहिल्या बेसच्या बॉक्समध्ये उभे असताना अगदी डोळ्यांदेखत चुकलं, तरी पाय तिथेच ठेवा. हेड कोचकडे बघा आणि त्याला एका वाक्यात सांगा: "फर्स्ट बेसमनचा पाय बेसवरून उचललेला होता."

५. जायचं कसं, म्हणायचं काय

टाइम मिळाल्यावर चालत जा. ज्या अंपायरने निर्णय दिला त्याच्याकडेच जा. बेस अंपायरने दिलेल्या निर्णयासाठी प्लेट अंपायरकडे गेलात तर तो काही करू शकत नाही, कारण स्वतःहून विचारल्याशिवाय एका अंपायरने दुसऱ्याच्या निर्णयात पडू नये असाच नियम आहे.

मैदानावर अंपायरला "ब्लू" म्हणतात. चालतं, पण सामन्याआधी प्लेटजवळ भेट होते तेव्हा नाव विचारून ठेवलेलं बरं. (या भेटीला हेड कोचने हजर असावं लागतं आणि मुलांचं साहित्य नियमात बसतं हे तिथेच सांगावं लागतं.) उभं राहताना समोरासमोर छाती काढून नको, थोडं बाजूला. हात खाली. स्टँडमध्ये दिसेल असा एकही हावभाव नको, कारण अंपायर तुमच्या शब्दांइतकाच प्रेक्षकांच्या आवाजावर चिडतो.

मग पहिलं वाक्य प्रश्नाचं:

"व्हॉट डिड यू हॅव ऑन दॅट प्ले?"

आणि गप्प राहा. तो स्वतःच सांगेल. त्याच्या उत्तरातूनच कळतं की चूक नजरेची आहे की नियमाची. "टॅग चुकला" (रनरला चेंडूचा स्पर्श झाला नाही) म्हणाला तर नजरेची. "अशा वेळी एकच बेस मिळतो" म्हणाला तर नियमाची.

नियमाची असेल तर: "आय थिंक द रूल इज टू बेसेस फ्रॉम द टाइम ऑफ द पिच. कुड यू चेक विथ युअर पार्टनर?"

नजरेची असेल आणि दुसऱ्या अंपायरला ते अधिक चांगलं दिसू शकलं असेल, तर: "डू यू थिंक युअर पार्टनर माइट हॅव समथिंग ऑन द फूट?"

"यू मिस्ड इट" कधीच नाही. "दॅट्स टेरिबल" ही टीकाच. "यू" ने सुरू होणारं वाक्य टाळलंत तर अर्धं भांडण टळतं. तीस-चाळीस सेकंदांत उरकून परत फिरा. परतताना पिचरजवळ थांबून दोन शब्द बोललात, तर ती डिफेन्सची कॉन्फरन्स (खेळ थांबवून केलेली सल्लामसलत) म्हणून मोजली जाऊ शकते. तशा सात इनिंगमध्ये तीनच मोफत मिळतात.

६. कुठे मदत मागण्यात अर्थ आहे

दोन अंपायर असले की एका वेळी दोनच ठिकाणं दिसतात. बेसवर कुणी नसताना आतला अंपायर पहिल्या बेसमागे, फाउल रेषेच्या बाहेर उभा असतो. रनर आला की तो डायमंडच्या (चार बेसांमधल्या चौकोनाच्या) आत सरकतो आणि मग पहिल्या बेसवर उचललेला पाय त्याला तिरका दिसतो. तोच पाय प्लेट अंपायरला रेषेत सरळ दिसतो. म्हणून उचललेला पाय ही मदत मागण्याची सर्वोत्तम जागा. आणखी काही:

– टॅगनंतर चेंडू हातातून सुटला आणि निर्णय देणाऱ्याची बाजू झाकलेली होती.
– चेंडू बॅटरच्या स्वतःच्या पायाला लागला, प्लेट अंपायरला कॅचरमुळे दिसलं नाही.
– तिसरा स्ट्राइक कॅचरने पकडला की जमिनीवरून उचलला.
– चेंडू कुंपणावरून थेट गेला की टप्पा पडून.
– अर्धवट स्विंग. बॉल दिलेला असेल तर कॅचर किंवा डिफेन्सचा कोच बेस अंपायरला विचारण्याची विनंती करू शकतो. प्लेट अंपायरने विचारायलाच हवं असं बंधन शाळेच्या नियमात नाही, पण बहुतेक जण विचारतात.

जिथे दोघांनाही तीच गोष्ट तशाच कोनातून दिसली, तिथे मदत मागणं म्हणजे नुसतं तोंड वाजवणं. स्ट्राइक झोनवर तर बोलूच नये.

आता उलट बाजू. दोघांना चूक कळली तरी काही निर्णय फिरवता येत नाहीत. जमिनीवरून जाणाऱ्या चेंडूला "फाउल" म्हटलं की चेंडू तिथेच मेला, मग तो रेषेच्या हातभर आत असो. कारण सरळ आहे: तो शब्द ऐकताच सगळे थांबतात, आणि न थांबते तर काय झालं असतं हे कुणी सांगू शकत नाही. याउलट "फाउल" दिलेला चेंडू कुंपणापार गेला असेल तर तो होमरन करता येतो, कारण तिथे कुणाच्या थांबण्याने काही बिघडलेलं नसतं.

मधल्या प्रकरणांसाठी नियम १०-२-३ च्या "एल" कलमात प्लेट अंपायरला अधिकार आहे: निर्णय फिरवल्यामुळे एखाद्या संघाचं नुकसान झालं असेल तर ते त्याने भरून काढावं. म्हणजे "कॅच नाही" चं "कॅच" झालं, तर रनर कुठे ठेवायचे हे तोच ठरवतो. म्हणून मुलांना शिकवा की अंपायरचा आउटचा हात वर दिसला तरी, टाइम पुकारेपर्यंत खेळत राहायचं. रनर तिसऱ्या बेसवर पोहोचलेला असेल तर त्याला तिथे ठेवणं सोपं जातं. मधेच थांबून डगआउटकडे बघत उभा राहिलेल्याला कुठे ठेवायचं, याचा अंदाज बहुतेक वेळा त्याच्या विरोधातच जातो.

७. टीव्हीवरचे नियम विसरा

पालकांना "चुकलेले" वाटणारे बरेच निर्णय बरोबर असतात. व्यावसायिक सामन्यांचे नियम वेगळे आहेत, एवढंच.

बॉकचा (पिचरने केलेल्या नियमबाह्य हालचालीचा) गोंधळ सगळ्यात मोठा. टीव्हीवर बॉक झाल्यावरही बॅटरने होमरन मारला तर तो चालतो. शाळेत बॉक होताच चेंडू मृत. होमरन रद्द, रनर एक बेस पुढे, बॅटर पुन्हा प्लेटवर. स्टँडमध्ये दंगा होतो आणि अंपायर शंभर टक्के बरोबर असतो.

फोर्सच्या वेळी रनरला स्लाइड करण्याची (जमिनीवरून घसरत बेस गाठण्याची) सक्ती नाही. पण केली तर बेसकडे सरळ रेषेत किंवा फिल्डरपासून दूर. फिल्डरच्या खेळात अडथळा आणला तर तो रनर आउट, आणि दोन आउट झालेले नसतील तर बॅटर-रनरही आउट.

अपीलसाठी चेंडू घेऊन बेसवर पाय ठेवायलाच हवा असंही नाही. चेंडू मृत असताना कोच किंवा खेळाडूने "नंबर सातने दुसरा बेस चुकवला" असं तोंडी सांगितलं तरी पुरतं. पण सांगावं लागतं. इथे क्रिकेटची सवय कामी येते, कारण अपील केल्याशिवाय काही मिळत नाही. फरक एवढाच की बेसबॉलमध्ये अपील मोजक्याच गोष्टींचं असतं. सुरुवातीला खेळलेला खेळाडू बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकतो, यावरही दरवर्षी कुणीतरी नवा पालक आक्षेप घेतो. नियमात ते बसतं.

८. प्रोटेस्ट

प्रोटेस्ट ठेवायचा की नाही हे राज्य संघटना ठरवते. जिथे ठेवला आहे तिथे तो फक्त नियम १ ते ९ मधल्या चुकीच्या वापराबद्दल करता येतो. नजरेच्या निर्णयावर कधीच नाही. सीझन सुरू होण्याआधीच आपल्या राज्याची पुस्तिका उघडून हे पान बघून ठेवा. सामन्यात शोधायला वेळ मिळत नाही.

प्रोटेस्ट मान्य असेल तर पुढच्या पिचआधी प्लेट अंपायरला स्पष्ट शब्दांत सांगायचं: आम्ही हा सामना प्रोटेस्टखाली खेळतो आहोत. त्याने ते दुसऱ्या कोचला आणि अधिकृत स्कोअररला कळवलं की वहीत त्याच जागी खूण करून घ्या: इनिंग, आउट, काउंट, रनर, धावफलक. सामना नंतर त्याच क्षणापासून पुन्हा खेळवायचा झाला तर ही ओळच आधार असते. २४ जुलै १९८३ चा यांकी स्टेडियममधला पाइन टारचा (पकड घट्ट व्हावी म्हणून बॅटला लावतात त्या चिकट डिंकाचा) वाद असाच मिटला. रॉयल्स संघाच्या जॉर्ज ब्रेटचा होमरन अंपायरांनी बॅटवरच्या डिंकामुळे रद्द केला. लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी रॉयल्सचा प्रोटेस्ट मान्य केला आणि १८ ऑगस्टला सामना त्याच होमरननंतरच्या क्षणापासून पुढे सुरू झाला. डिंक होता की नव्हता यावर वाद नव्हताच. त्यासाठी शिक्षा काय, हा प्रश्न होता, म्हणूनच प्रोटेस्ट टिकला.

९. खेळाडूंनी काय करू नये

पिच कुठे होता हे दाखवायला प्लेटजवळ बॅटने रेघ ओढली, की बहुतेक अंपायर थेट बाहेर काढतात. हेल्मेट आपटणं, बॅट फेकणं तसंच. कॅचरने बॉल दिल्यावर ग्लोव्ह तिथेच दोन सेकंद धरून ठेवणं हे बोलल्यासारखंच आहे. त्याला काही विचारायचं असेल तर तोंड पिचरकडे ठेवून, मागे न वळता, हळू आवाजात विचारावं: "वॉज दॅट लो ऑर आउट?" बरेच अंपायर याचं सरळ उत्तर देतात आणि त्या माहितीचा पुढच्या सहा इनिंग उपयोग होतो.

कोचसाठी शिक्षेच्या पायऱ्या अशा: तोंडी ताकीद, लेखी ताकीद, उरलेला सामना डगआउटमध्येच, आणि शेवटी हकालपट्टी. प्रकार गंभीर असेल तर पायऱ्या गाळून थेट शेवटची. हकालपट्टी झालेल्या कोचने मैदानाच्या परिसरातून निघून जायचं आणि सामना संपेपर्यंत संघाशी कुठलाही संपर्क ठेवायचा नाही. पार्किंगमधून मेसेज पाठवणं हाही संपर्कच. पुढच्या किती सामन्यांची बंदी, हे राज्य ठरवतं.

१०. स्टँडमधल्यांसाठी

जाळीमागे प्लेटच्या सरळ रेषेत उभं राहून बॉल-स्ट्राइक पुकारू नका. अंपायर शाळेच्या प्रतिनिधीला बोलावून तुम्हाला बाहेर काढायला लावू शकतो, आणि तुमचा मुलगा हे डगआउटमधून बघत असतो. मराठीत बोललं तर कळत नाही, या भरवशावरही राहू नका. सूर कळतोच.

११. सामना संपल्यावर

अंपायरच्या मागे गाडीपर्यंत जायचं नाही. सामन्यानंतर अंपायरला गाठणं हाही नियमभंगच आहे, आणि त्यांचा मैदानावरचा अधिकार संपल्यावरही राज्य संघटना हस्तक्षेप करू शकते.

तक्रार करायचीच असेल तर हेड कोचने शाळेच्या ॲथलेटिक डायरेक्टरकडे करायची, दुसऱ्या दिवशी, डोकं थंड झाल्यावर. तिथून ती अंपायर नेमणाऱ्या असाइनरकडे जाते. मेल एका परिच्छेदाचा: तारीख, मैदान, इनिंग आणि आउट, काय घडलं, काय पुकारलं, कुठला नियम क्रमांक लागू होता, अंपायर कुठे उभा होता. नजरेच्या एकट्यादुकट्या चुकीवर मेल लिहू नका. असाइनर तो वाचून बाजूला ठेवतो आणि तुमचा पुढचा मेलही तसाच जातो. नियम चुकीचा लावला गेला असेल किंवा अंपायर दर वेळी जागेवरून न हलता निर्णय देत असेल, तर जरूर लिहा. पालकांनी काढलेली क्लिप सोबत जोडायची झाली, तर आधी ॲथलेटिक डायरेक्टरला विचारा.